वायरलेस माऊस अडखळतोय, हेडफोनचा आवाज तुटतोय? नवा घेण्याआधी हे करून पाहा

दहावीच्या मुलांना मी घरून गणित शिकवतो. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ टेबल आहे, तिथेच वर्ग भरतो. ‘वर्तुळ’ हे प्रकरण चालू होतं तेव्हाची गोष्ट. स्क्रीनवरच्या फळ्यावर स्पर्शिका काढायला घेतली की कर्सर मध्येच थबकायचा आणि मग एकदम पुढे उडी मारायचा. रेष वर्तुळाला छेदून आत जायची. एका मुलीने विचारलं, “सर, ही तर छेदिका झाली ना?” तिचं बरोबर होतं. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर मी चुकीची आकृती ठेवत होतो, आणि ते मला फार लागलं.

मी नवा माऊस आणला. दोन दिवसांत तेच सुरू झालं. मग दुसऱ्या कंपनीचा, जरा महागातला आणला. तरी तेच. एका रात्री वर्ग संपल्यावर रेकॉर्डिंग बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करत बसलो होतो. सहज लक्ष गेलं तर हार्डडिस्कचा छोटा दिवा लुकलुकायला लागला की कर्सर अडखळत होता, आणि दिवा स्थिर झाला की कर्सर लोण्यासारखा फिरत होता. हार्डडिस्क काढली आणि दुखणं गेलं. वर्गाचं रेकॉर्डिंग मी थेट त्याच डिस्कवर करत असे, म्हणून नेमका शिकवतानाच त्रास व्हायचा. तिन्ही माऊस चांगले होते. माऊसचा रिसीव्हर आणि हार्डडिस्क लॅपटॉपला शेजारीशेजारी लावली होती, एवढीच चूक होती.

त्यानंतर शेजाऱ्यांचे, नातेवाइकांचे, विद्यार्थ्यांच्या पालकांचे असे बरेच माऊस आणि हेडफोन मी तपासून दिले. खरोखर बिघडलेले थोडेच निघाले. बाकीच्यांच्या बाबतीत वस्तू धड होती, जागा चुकलेली होती. म्हणून नवी वस्तू मागवण्याआधी एक संध्याकाळ याला द्या.

आधी थोडं समजून घ्या

वायरलेस माऊस, ब्लूटूथ हेडफोन आणि घरातलं जुन्या पद्धतीचं वाय-फाय, ही सगळी मंडळी रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. नेमकं सांगायचं तर २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. भारतात २००५ च्या नियमांनी हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. अट अशी की सगळ्यांनी तो वाटून वापरायचा, दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचं नाही. गावाच्या गायरानासारखं आहे हे. कुणाचीही गुरं चरू शकतात, पण ‘माझ्या गाईला गवत उरलं नाही’ म्हणून दाद मागता येत नाही. शेजाऱ्याच्या राउटरबद्दल तक्रार करून उपयोग नाही. आपली व्यवस्था आपणच लावायची.

या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणजे अर्ध्या वितीहून जरा जास्त. भिंती, कपाटं, लोखंडी पाय यांवरून लहरी परततात आणि एकमेकींत मिसळतात. त्यामुळे रिसीव्हर चार बोटं सरकवला तरी कधी कधी चित्र पालटतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काय काय जवळ ठेवाल

- यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल, अर्धा ते एक मीटर लांबीची. यातली सर्वांत उपयोगी वस्तू हीच. यूएसबी ३ ची घेऊ नका, कारण खाली सांगतो.
- नव्या बॅटऱ्या, माऊसला लागतात त्या मापाच्या.
- वायरचा एक साधा माऊस आणि वायरचे इअरफोन. उसने आणले तरी चालतील.
- फोनवर वाय-फायचे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या छोट्या छोट्या वाटा, दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप.
- राउटरचा पासवर्ड. वाय-फायचा नाही, राउटरच्या सेटिंगचा. बहुतेक वेळा तो राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो.
- वही आणि पेन.
- माऊस किंवा हेडफोनचं बिल. वॉरंटीत असेल तर शेवटी लागेल.

पायरी १ : लक्षण लिहून काढा

वहीचं काम इथूनच सुरू होतं. ‘माऊस नीट चालत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. केव्हा अडखळतो, किती वेळ, तेव्हा आणखी काय चालू असतं, हे दोन दिवस टिपून ठेवा. मी वहीत तीन रकाने करतो : वेळ, काय झालं, तेव्हा काय काय चालू होतं. तिसऱ्या रकान्यात चोर सापडतो.

काही खुणा आत्ताच सांगतो. हात थांबवून काही सेकंदांनी पुन्हा माऊस हलवला की पहिला क्षण फुकट जातो आणि मग तो ठीक चालतो, असं असेल तर माऊस झोपेतून उठतोय. बॅटरी वाचवण्याची ती सोय आहे, अडथळा नाही. कर्सर जागच्या जागी थरथरत असेल तर टेबलाचा पृष्ठभाग किंवा माऊसच्या पोटातली काच तपासायची. कर्सर थबकून पुढे उडी मारत असेल, किंवा हेडफोनचा आवाज तुटक तुटक येत असेल, तरच बिनतारी अडथळ्याचा संशय घ्या.

पायरी २ : सोप्या गोष्टी आधी बाद करा

बॅटरी बदला. ‘परवाच टाकली’ असं वाटत असलं तरी बदला. बॅटरी उतरली की माऊस लगेच मरत नाही, आधी अडखळतो, आणि दिसायला ते हुबेहूब अडथळ्यासारखं दिसतं.

काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर माऊस असेल तर खाली एक वही ठेवून पाहा. फरक पडला तर पॅड घ्या आणि इथेच थांबा.

मग वायरचा माऊस लावून दहा मिनिटं काम करा. तोही अडखळत असेल तर दोष बिनतारी नाही, संगणकच दमलाय. ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे असतील, अँटिव्हायरस तपासणी करत असेल, किंवा विंडोजचं अपडेट मागे उतरत असेल. आवाजाचंही तसंच. वायरच्या इअरफोनमध्येही मीटिंगमधला आवाज तुटत असेल तर इंटरनेटकडे बघा, हेडफोनकडे नको. ही दहा मिनिटं कंटाळवाणी वाटतात म्हणून लोक टाळतात आणि पुढे दोन दिवस भलत्याच वाटेने शोधत राहतात.

पायरी ३ : डोंगल की ब्लूटूथ, हे ओळखा

माऊससोबत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर आला असेल आणि तो लावल्याशिवाय माऊस चालत नसेल, तर तो डोंगलवर चालतो. रिसीव्हर नसेल आणि विंडोजच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसत असेल, तर ब्लूटूथ. काही माऊसना दोन्ही सोयी असतात आणि पोटाखाली बदलायचं बटण असतं. हेडफोनचंही तसंच, गेम खेळणाऱ्यांच्या हेडसेटसोबत बहुधा स्वतंत्र डोंगल येतो.

हे ओळखायचं कारण असं की डोंगलवाल्यांचा उपाय मुख्यतः चौथ्या पायरीत आहे आणि ब्लूटूथवाल्यांचा पाचव्या. वाय-फायची सहावी पायरी दोघांनाही लागते.

पायरी ४ : रिसीव्हरला यूएसबी ३ पासून लांब न्या

माझा वेळ आणि पैसा जिथे गेला ती ही जागा, म्हणून इथे जरा सविस्तर.

लॅपटॉपवर किंवा सीपीयूवर आतून निळे असलेले यूएसबी पोर्ट बऱ्याचदा दिसतात. ते यूएसबी ३ चे. निळा रंग सगळेच उत्पादक वापरत नाहीत. काही ठिकाणी यूएसबीच्या खुणेशेजारी दोन ‘एस’ अक्षरं असतात. या पोर्टमधून माहिती सेकंदाला ५ अब्ज बिटांच्या वेगाने धावते. इतक्या वेगाने विजेचे संकेत चालू-बंद झाले की त्यांतून रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, म्हणजे दहापट कमी, म्हणून त्याचा गोंगाट या पट्ट्यात फारसा पोहोचत नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. इंटेल कंपनीनेच २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. त्यांच्या मोजणीत यूएसबी ३ ची हार्डडिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. माऊस बोलतो हळू आवाजात, एखाद्या मिलिवॉटच्या आसपास. कानाशी कुणी ढोल बडवत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून कुजबुज ऐकायची, अशी त्या बिचाऱ्या रिसीव्हरची अवस्था होते.

गोंगाट तीन ठिकाणांहून येतो : संगणकावरचा पोर्ट, मधली केबल आणि पलीकडची वस्तू. हार्डडिस्क, वेगवान पेनड्राइव्ह, एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा यूएसबी हब किंवा लॅपटॉपचा टाइप-सी डॉक, यांतलं काहीही असू शकतं. म्हणून मघाशी म्हटलं की एक्स्टेन्शन यूएसबी २ चीच घ्या. ती लावली की त्या पोर्टमधला वेगवान भाग वापरातच येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते क्रमाने :

सगळ्यात आधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा. हार्डडिस्क काढण्यापूर्वी ती व्यवस्थित ‘इजेक्ट’ करा, घाईत ओढू नका, फाइली खराब होतात. फक्त माऊसचा रिसीव्हर ठेवा आणि पाच मिनिटं काम करा. माऊस सुधारला? मग एकेक वस्तू परत लावा, आणि प्रत्येक वेळी एखादी मोठी फाइल कॉपी करून पाहा. हा मुद्दा विसरू नका. नुसती लावून ठेवलेली हार्डडिस्क फारसा त्रास देत नाही, माहिती धावायला लागली की देते. ‘लावून पाहिली, काही होत नाही’ म्हणणारे बरेच जण इथेच फसतात.

चोर सापडला की रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला न्या. तिथे यूएसबी २ चा पोर्ट (बऱ्याचदा काळा) असेल तर उत्तम. तेवढ्याने भागलं नाही तर एक्स्टेन्शन केबल लावा आणि रिसीव्हर टेबलावर, माऊसच्या समोर, त्याच्यापासून वीत-दीड वीत अंतरावर आणून ठेवा. मी चिकटपट्टीने तो टेबलाच्या कडेला चिकटवला आहे. केबल हार्डडिस्कच्या केबलला गुंडाळून नेऊ नका.

टेबलाखाली सीपीयू असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. बहुतेक जण रिसीव्हर मागच्या बाजूला लावतात, दिसायला नीटनेटकं म्हणून. पण मग माऊस आणि रिसीव्हर यांच्यामध्ये पत्र्याचा अख्खा डबा येतो, आणि शेजारी असतात निळे पोर्ट. माझ्या मेहुण्याच्या घरी रिसीव्हर मागून काढून पुढच्या पोर्टला लावला, एवढ्यावर त्याची वर्षभराची तक्रार मिटली. लोखंडी टेबल असेल तर रिसीव्हर टेबलाच्या वर आलाच पाहिजे.

माऊस आणि हेडसेट दोन्ही डोंगलवर चालत असतील तर ते दोन डोंगल एकमेकांना खेटून लावू नका. दोघांनाही एकाच पट्ट्यात बोलायचं आहे. एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा.

पायरी ५ : ब्लूटूथ हेडफोन तुटत असेल तर

ब्लूटूथची रचना गर्दीत वाट काढण्यासाठीच केलेली आहे. बहुतेक हेडफोन ज्या जुन्या पद्धतीने बोलतात तीत ७९ चॅनेल असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतात. ज्या चॅनेलवर गर्दी आहे ते टाळायलाही ते शिकलेले असतात. तरीही आवाज तुटतो, कारण आवाजाला थांबता येत नाही. माऊसची एखादी छोटी पुडी हरवली तर पुढची लगेच येते, आपल्याला कळतही नाही. गाण्यातला तुकडा वेळेत पोहोचला नाही की कानाला खड्डा जाणवतो. म्हणून ‘माऊस ठीक आहे, मग हेडफोनच खराब असणार’ असा निष्कर्ष काढू नका.

आधी अँटेना पाहा. घरी जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डसोबत वाय-फायच्या दोन काड्या किंवा वायर असलेला छोटा अँटेना येतो. तो सीपीयूच्या मागे पितळी टोकांना फिरवून बसवायचा असतो. ‘आपण इंटरनेटला केबल लावली आहे, वाय-फाय कशाला’ म्हणून तो खोक्यातच राहतो. पण ब्लूटूथही त्याच अँटेनावर चालतं! अँटेना नसेल तर खुर्ची जरा मागे सरकवली तरी आवाज तुटतो. खोकं माळ्यावरून काढा आणि आधी ते बसवा.

लॅपटॉपमध्ये अँटेना पुष्कळदा स्क्रीनच्या चौकटीत असतो. लॅपटॉप मिटून, बाहेरचा मॉनिटर लावून काम करत असाल तर झाकण उघडं ठेवून फरक पडतो का बघा. आपलं शरीरही मध्ये येतं. शरीरात पाणी जास्त, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात ठेवून गाणी ऐकताना आवाज तुटतो आणि हातात घेतला की नीट येतो, ते यामुळेच.

हेडफोन एकाच वेळी फोनला आणि लॅपटॉपला जोडलेला असेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करून पाहा. फोनवर एखाद्या मेसेजची सूचना वाजली की हेडफोन तिकडे धावतो आणि मीटिंगमधला आवाज क्षणभर जातो. बाहेरून ते अडथळ्यासारखंच वाटतं.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. गाणी छान ऐकू येतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. यात अडथळा काहीच नाही. हेडफोनचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ गाण्याची पद्धत सोडून फोन कॉलची पद्धत धरतं. त्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला सहसा ८ हजार किंवा १६ हजार नमुने घेतले जातात. गाण्याच्या सीडीत ते ४४,१०० असतात. फरक कानाला कळणारच. यावर उपाय सोपा आहे : मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन. विंडोजमध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसत असतील तर ‘स्टिरिओ’ लिहिलेलं घ्या, ‘हँड्स-फ्री’ लिहिलेलं नको. मुलाखत देणाऱ्या एका विद्यार्थ्याने यापायी ऐन वेळी नवा हेडसेट विकत घेतला होता. त्यातही तोच आवाज आला आणि तो पार गांगरून गेला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इतकं सांगतोय.

पायरी ६ : वाय-फायला दुसऱ्या वाटेने पाठवा

सोसायटीत राहणाऱ्यांनी फोनवरचं ते अ‍ॅप उघडून एकदा बघाच. माझ्या खिडकीत बसून पाहिलं तर वीसेक नावं दिसतात, शेजारचे, वरचे, खालचे, समोरच्या इमारतीतले. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते जेमतेम ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि एकेक वाय-फाय २० मेगाहर्ट्झ जागा घेतं. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच धरतात : १, ६ आणि ११.

तुमचा राउटर ५ गिगाहर्ट्झही देत असेल तर लॅपटॉप त्यावर न्या. अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि लॅपटॉप कुठे जोडलाय ते कळत नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ असा पर्याय दिसला तर तो बंद करावा लागतो.

इथे एक सापळा आहे. २.४ गिगाहर्ट्झ पूर्ण बंद करू नका. दारावरचा कॅमेरा, स्मार्ट बल्ब, गिझरचा स्मार्ट प्लग, यांतल्या बऱ्याच वस्तूंना फक्त तेवढंच येतं. त्या बंद पडतील. त्यांच्यासाठी जुनं नाव जसंच्या तसं ठेवा आणि नवं नाव ५ गिगाहर्ट्झला द्या.

२.४ वरच राहणं भाग असेल, म्हणजे लॅपटॉप जुना आहे किंवा राउटर दोन भिंतींपलीकडे आहे, तर चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. सगळा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. त्यातली निम्मी जागा एकट्या वाय-फायने अडवली तर माऊस-हेडफोनने जायचं कुठे? मग अ‍ॅपमध्ये १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा चॅनेल पाहून तो निवडा.

राउटर टेबलावर, संगणकाशेजारी असेल तर तो दोन-तीन मीटर लांब ठेवा. आणि शक्य असेल तर लॅपटॉपला सरळ लॅन केबल जोडून लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. वाय-फायला सुट्टी मिळाली की ब्लूटूथला मोकळा श्वास मिळतो.

फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडावं आणि फोन रिसीव्हरच्या अंगाला लावून ठेवू नये. आपल्याकडे ४जी चा एक पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे अगदी शेजारचं दार.

पायरी ७ : स्वयंपाकघराकडे एक नजर

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, याच पट्ट्याच्या मधोमध. आत शेकडो वॉट ताकद असते. दारातून अगदी किंचित लहरी बाहेर येतात. आपल्याला त्यांचा धोका नसतो, पण मिलिवॉटमध्ये बोलणाऱ्या हेडफोनला तेवढ्याही भारी पडतात. वहीच्या तिसऱ्या रकान्यात ‘दुपारी एकच्या सुमारास, दोन-तीन मिनिटं’ असं वारंवार दिसलं तर जेवण गरम होण्याची वेळ जुळते का बघा. उपाय म्हणजे ओव्हन आणि टेबल यांच्यात भिंत आणि अंतर.

इन्व्हर्टर, मिक्सर, पंखा यांच्यावर लोक लगेच संशय घेतात. यांचा गोंगाट सहसा खूप खालच्या पट्ट्यात असतो. तो जुन्या रेडिओवर ऐकू येतो, माऊसवर क्वचितच परिणाम करतो. त्यांच्यामागे शेवटी लागा.

पायरी ८ : विंडोजची वीजबचत

विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं आणि रिसीव्हर त्याच्यासोबत झोपतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, यूएसबीच्या यादीतल्या ‘रूट हब’वर दोनदा क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. जितके रूट हब, तितक्यांदा. ब्लूटूथच्या नावाखालीही तेच पान असेल तर तिथेही काढा. लॅपटॉपची बॅटरी यामुळे थोडी लवकर उतरेल. ब्लूटूथचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये दुरुस्त’ म्हणणारे प्रोग्रॅम उतरवू नका.

एका वेळी एकच बदल करा

हे पायरीत बसत नाही, पण सगळ्या पायऱ्यांना लागू आहे. लोक वैतागून एकाच दमात बॅटरी बदलतात, चॅनेल बदलतात, पोर्ट बदलतात, ड्रायव्हर टाकतात. सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि महिन्याभराने परत सुरू झालं की पुन्हा शून्यापासून. एक बदल, अर्धा तास काम, वहीत एक ओळ. मग पुढचा. उपयोग झाला नाही तो बदल मागे घ्या.

पायरी ९ : तरीही नाहीच, तर वॉरंटी

आता तोच माऊस किंवा हेडफोन दुसऱ्याच्या संगणकावर, शक्यतो दुसऱ्या घरात नेऊन चालवा. तिथेही अडखळला तर वस्तूच बिघडली आहे, आणि इतका वेळ शोधल्यानंतर तुम्ही हे खात्रीने म्हणू शकता. तिथे नीट चालला तर घरी परत येऊन चौथी (ब्लूटूथ असेल तर पाचवी) आणि सहावी पायरी पुन्हा करा, नक्की काहीतरी सुटलंय.

सर्व्हिस सेंटरला जाताना बिल, वस्तू आणि डोंगल तिन्ही न्या. डोंगल घरी राहिला तर त्यांना तपासताच येत नाही आणि एक खेप फुकट जाते. अडखळतानाचा फोनवर काढलेला छोटा व्हिडिओ दाखवा, कारण त्यांच्या काउंटरवर तो दोन मिनिटं नीट चालण्याची शक्यता खूप असते. आणि वही दाखवा : नवी बॅटरी, वेगळे पोर्ट, वेगळा संगणक, तारखांसकट. ‘पोर्ट बदलून बघा’ म्हणून परत पाठवण्याआधी समोरचा माणूस ती पानं वाचतो, हा माझा अनुभव आहे.